तालुका कोर्टातला दिवाणी दावा : कोणत्या टप्प्यावर काय होतं, आणि वकिलांना काय विचारायचं?

बांधाचा वाद, भावकीतली वाटणी, साठेखत करून खरेदीखत न देणं, उसने दिलेले पैसे. अशा कारणांनी दिवाणी कोर्टाची पायरी चढलेली घरं प्रत्येक गावात आहेत. केस कुठपर्यंत आली असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "तारीख पडली." पण तारीख कशासाठी पडली हे विचारलं तर बरेचजण गप्प होतात.

खरी अडचण इथेच आहे. दिवाणी दाव्यात प्रत्येक तारखेला ठराविक काम असतं आणि बऱ्याच कामांना कायद्याने मुदत घातलेली आहे. ती मुदत चुकली तर बाजू खरी असूनही जमीन हातची जाऊ शकते. वकील मंडळी हे टप्पे आणि मुदती शिकलेली असतात. त्यातलं पक्षकाराला लागेल तेवढं इथे सोप्या भाषेत देत आहोत. हा लेख सेव्ह करून ठेवा आणि आपला दावा कोणत्या टप्प्यावर आहे ते पडताळून पाहा.

दावा लावण्याआधी

पहिला प्रश्न असा, की हे काम दिवाणी कोर्टाचंच आहे का? शेताला जाणारा वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा प्रवाह कोणी अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडे जाता येतं. मात्र अडथळा केल्यापासून ६ महिन्यांच्या आत जावं लागतं. पंचायतीत, तंटामुक्ती समितीत बैठका होत राहतात आणि हे ६ महिने कधी निघून जातात ते कळतही नाही.

दुसरा प्रश्न मुदतीचा. मुदत कायदा १९६३ प्रमाणे नेहमीच्या दाव्यांच्या मुदती अशा आहेत :

– उसने पैसे, थकलेली बाकी : ३ वर्षं
– साठेखत किंवा कराराप्रमाणे खरेदीखत करून मागणं : करारात ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षं. तारीख ठरलेली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून ३ वर्षं
– मालकी हक्काच्या आधारे जमिनीचा ताबा मागणं : समोरच्याचा ताबा आपल्या हक्काविरुद्ध सुरू झाल्यापासून १२ वर्षं
– हक्क ठरवून मागण्याचा दावा : दावा करण्याचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून ३ वर्षं

दावा लावायलाच उशीर झाला असेल, तर उशीर माफीचा अर्ज चालत नाही. ती सोय अपिलाला आणि काही अर्जांना आहे, मूळ दाव्याला नाही.

दावा सरकारविरुद्ध असेल तर आधी २ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. फारच तातडी असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीशिवाय दावा लावता येतो.

समोरचाच आपल्यावर दावा लावून आपल्या माघारी मनाई घेईल अशी भीती असेल तर कॅव्हेट दाखल करा. मग आपल्याला ऐकल्याशिवाय तसा हुकूम होत नाही. कॅव्हेट ९० दिवस चालतं, नंतर पुन्हा नवीन द्यावं लागतं.

कोणतं कोर्ट?

५ लाख रुपयांपर्यंतच्या मूल्याचे दावे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात. त्यावरचे वरिष्ठ स्तराकडे जातात. हे मूल्य कोर्ट फी कायद्याच्या हिशोबाने ठरतं, बाजारभावाने ठरतंच असं नाही. महिलांना मालमत्तेच्या वादासह काही प्रकारच्या प्रकरणांत कोर्ट फी माफ करणारी १९९४ ची शासन अधिसूचना आहे. बहीण किंवा आई वादी असेल तर ती आपल्या दाव्याला लागू होते का, हे वकिलांना आधीच विचारा.

टप्पा १ : दावा आणि समन्स

दाव्यात काय लिहिलंय ते सही करण्यापूर्वी वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. वाटणीच्या दाव्यात सगळे गट नंबर आणि सगळे हिस्सेदार यायला हवेत. लग्न होऊन गेलेल्या बहिणीसुद्धा त्यात आल्याच. एखादा गट किंवा एखादी बहीण राहिली, तर समोरचा वकील त्याच मुद्द्यावर दावा अडवतो. पुराव्याचं काम सुरू झाल्यावर दाव्यात दुरुस्ती करून मिळणं अवघड असतं. पुरेशी काळजी घेऊनही ही गोष्ट आधी मांडता आली नसती, हे तेव्हा दाखवावं लागतं.

दावा जमिनीचा असेल आणि ती जमीन समोरचा विकून टाकेल अशी शंका असेल, तर दावा चालू असल्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवण्याबद्दल वकिलांशी बोला.

आता प्रतिवादीची बाजू. "समन्स घेतलंच नाही तर केस चालणार कशी?" हा समज गावात पक्का बसलेला आहे. तो चुकीचा आहे. बेलिफ आला आणि समन्स नाकारलं, तर ते दारावर चिकटवून बजावणी झाली असं धरता येतं. मग दावा एकतर्फी चालतो. समन्स घ्या, त्यावर तारीख टाका आणि त्याच आठवड्यात वकील गाठा.

टप्पा २ : कैफियत

समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिवादीने आपली कैफियत, म्हणजे लेखी म्हणणं द्यायचं असतं. कोर्ट ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कैलाश विरुद्ध नन्हकू या निकालात सांगितलं, की साध्या दिवाणी दाव्यात ९० दिवसांनंतरही सबळ कारण असेल तर म्हणणं घेता येतं. पण तो अपवाद आहे, हक्क नाही. खर्चही भरावा लागू शकतो. व्यापारी न्यायालयातल्या दाव्यात मात्र १२० दिवसांनंतर दार बंदच होतं.

कैफियतीत जी गोष्ट स्पष्टपणे नाकारली नाही, ती मान्य केली असं धरलं जाऊ शकतं. त्यामुळे दाव्यातल्या प्रत्येक कलमाला उत्तर गेलंय का ते बघा.

टप्पा ३ : निशाणी ५ चा अर्ज

कोर्टात "निशाणी ५" हा शब्द कायम ऐकू येतो. दाव्यासोबत दिलेल्या तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला आपल्याकडे हे नाव पडलंय. हा अर्ज ठरवताना कोर्ट तीन गोष्टी बघतं. सकृतदर्शनी बाजू कोणाची आहे, मनाई दिली किंवा नाकारली तर जास्त गैरसोय कोणाची होईल, आणि नंतर पैशाने भरून निघणार नाही असं नुकसान होणार आहे का. समोरच्याला न ऐकता मनाई दिली असेल, तर तो अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न कोर्टाने करायचा असतो.

निशाणी ५ जिंकलं म्हणजे दावा जिंकला असं नाही, आणि हरलं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. खरं काम त्यापुढे असतं.

टप्पा ४ : मुद्दे आणि पुरावा

दोघांचं म्हणणं आल्यावर कोर्ट वादाचे मुद्दे काढतं. कोणता मुद्दा कोणी शाबित करायचा हे तिथे ठरतं. या मुद्द्यांची नक्कल घेऊन आपल्याकडे ठेवा. पुरावा याच मुद्द्यांवर द्यायचा असतो, बाकीचं कितीही सांगितलं तरी उपयोग नाही.

पुरावा वादीपासून सुरू होतो. सरतपास शपथपत्रावर दिला जातो आणि त्यावर समोरचा वकील उलटतपास घेतो. शपथपत्रात काय लिहिलंय हे माहीत नसताना पिंजऱ्यात उभं राहू नका. जे माहीत नाही त्याला "मला माहीत नाही" हेच उत्तर द्या. अंदाजाने दिलेलं उत्तर अंगाशी येतं.

कागदांबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, सातबारा आणि फेरफार महत्त्वाचे आहेत, पण ते मुळात महसुलासाठी ठेवलेले कागद आहेत. मालकीचा वाद असेल तर खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, वारसा असा मूळ आधार दाखवावा लागतो.

दोन, १०० रुपये आणि त्यापुढच्या किमतीच्या स्थावर मिळकतीची खरेदी नोंदणीशिवाय पक्की होत नाही. नुसत्या स्टॅम्पवर सह्या केल्या, पैसे दिले आणि नोंदणी केली नाही, तर मालकी येत नाही. स्टॅम्प कमी असेल तर फरक आणि दंड भरेपर्यंत तो कागद पुराव्यात वाचला जात नाही.

तीन, मोबाईलमधला पुरावा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर, फोटो, कॉल रेकॉर्डिंग कोर्टात चालतं. पण प्रिंट किंवा पेन ड्राइव्ह देताना सोबत प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. म्हणून मूळ मोबाईल जपून ठेवा. मेसेज पुसू नका आणि फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नका.

बांध कोरल्याचा किंवा अतिक्रमणाचा वाद असेल तर तोंडी साक्षीपेक्षा मोजणी जास्त कामाला येते. भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घेण्यासाठी कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज करता येतो. त्याची योग्य वेळ कोणती, हे वकिलांना विचारा.

या टप्प्यावर तारखा फार जातात. कायद्याप्रमाणे सुनावणीच्या काळात एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी द्यायची नसते. अगदीच अपवादात्मक कारण असेल तरच त्यापुढे मिळते. वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेत हे कारण कायद्यानेच चालत नाही. समोरचा वारंवार तारीख मागत असेल, तर आपल्या वकिलांना खर्च मागण्याची आणि तहकुबीला हरकत घेण्याची विनंती करा.

टप्पा ५ : युक्तिवाद, निकाल, अपील

पुरावा संपला की युक्तिवाद होतो, नंतर निकाल लागतो आणि हुकूमनामा तयार होतो. निकाल विरोधात गेला तर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात. अपील थेट उच्च न्यायालयात जात असेल तर ९० दिवस. सही-शिक्क्याची नक्कल मिळायला लागलेला वेळ या मुदतीतून वजा होतो, पण त्यासाठी नकलेचा अर्ज वेळेत केलेला हवा. निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका.

आणखी एक गोष्ट. अपील दाखल केलं म्हणून निकाल आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते.

टप्पा ६ : दरखास्त

निकाल हातात आला म्हणजे जमीन हातात आली असं नाही. समोरच्याने निकाल मानला नाही, तर अंमलबजावणीसाठी दरखास्त लावावी लागते. त्याला १२ वर्षांची मुदत आहे. कायमच्या मनाईच्या हुकमाला मुदत नाही. पण अमुक गोष्ट करा, उदाहरणार्थ बांधकाम काढा, असा आज्ञार्थी मनाईचा हुकूम असेल तर मुदत फक्त ३ वर्षं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शाह विरुद्ध जिनेंद्र कुमार गांधी या प्रकरणात दरखास्ती ६ महिन्यांत निकाली काढाव्यात असं सांगितलंय. आपल्या दरखास्तीला उशीर होत असेल तर वकिलांना या निकालाची आठवण करून द्या.

शेतजमिनीच्या वाटणीत आणखी एक पायरी असते. कोर्ट हिस्से ठरवतं, पण सरकारी सारा असलेल्या जमिनीची प्रत्यक्ष वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. कागद तिथून तहसील आणि भूमी अभिलेखकडे जातो, मोजणी होते आणि मग ताबा मिळतो. निकाल कपाटात ठेवून दिला तर हे काम कोणी आपणहून करत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं

१) पक्षकार मयत होणं. समजा तीन भावांचा वाटणीचा दावा आहे आणि त्यातला एक भाऊ वारला. त्याचे वारस ९० दिवसांत दाव्यात लावावे लागतात. ते लावले नाहीत तर त्याच्यापुरता दावा आपोआप रद्द होतो. वाटणीसारख्या दाव्यात त्याची झळ सगळ्या दाव्याला बसू शकते. तो रद्दपणा काढून घेण्यासाठी पुढचे ६० दिवस असतात. त्यानंतर उशिराचं कारण द्यावं लागतं. म्हणून दाव्यातलं कोणीही वारलं, आपल्या बाजूचं असो की समोरच्या, दहाव्या-तेराव्याच्या धांदलीतही वकिलांना फोन करून सांगा.

२) गैरहजेरीत दावा निघणं. पुकारा झाला, वादी नाही, वकीलही नाही, तर दावा काढून टाकला जातो. तो पुन्हा फाईलवर घेण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करायचा असतो.

३) एकतर्फी हुकूमनामा. तो रद्द करून घेण्यासाठीही ३० दिवस आहेत. समन्स नीट बजावलंच नसेल तर हे दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात.

दाव्याची स्थिती मोबाईलवर

प्रत्येक दाव्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो वकिलांकडून घ्या आणि ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या सरकारी अ‍ॅपवर टाका. पुढची तारीख, ती कशासाठी आहे, मागच्या तारखांना काय झालं, हे दिसतं. नंबर नसेल तर पक्षकाराच्या नावावरूनही शोधता येतं. तिथले शब्द इंग्रजी असतात. "स्टेप्स" म्हणजे समन्स बजावणीसाठी वादीने काहीतरी करायचं राहिलंय. "से" म्हणजे एखाद्या अर्जावर म्हणणं द्यायचंय. "इश्यूज" म्हणजे मुद्दे, "एव्हिडन्स" म्हणजे पुरावा, "आर्ग्युमेंट" म्हणजे युक्तिवाद. "स्टेप्स" वर महिनोन्महिने दावा अडकलेला दिसला, तर पत्ता किंवा समन्सचा खर्च राहिलाय का, ते लगेच विचारा.

वकिलांनाही शिकत राहावं लागतं

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची आहे, पण ती आहे तशी राहिलेली नाही. २००२ च्या दुरुस्तीने कैफियतीची आणि पुराव्याची पद्धत बदलली. १ ऑक्टोबर २०१८ पासून करार पूर्ततेच्या कायद्यात बदल झाला. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की २००५ मध्ये वडील हयात असोत-नसोत, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. त्यामुळे त्या वेळी चालू असलेल्या अनेक वाटणी दाव्यांतले हिस्सेच बदलले. २०२४ मध्ये पुराव्याचा कायदा नवा आला.

अमेरिकेत मिनेसोटा आणि आयोवा या राज्यांनी १९७५ पासून वकिलांना ठराविक तास शिक्षण सक्तीचं केलं. आपल्याकडे सनद मिळवताना अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते, पण त्यानंतर दरवर्षी अमुक तास शिकलंच पाहिजे अशी देशभर सक्ती नाही. न्यायाधीशांसाठी उत्तन इथे महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. वकिलांसाठी बार कौन्सिल आणि वकील संघ व्याख्यानं, कार्यशाळा घेतात. तालुक्याच्या बारमध्ये असे कार्यक्रम होतात तेव्हा त्याचा फायदा शेवटी पक्षकारालाच होतो.

वकील आणि तुम्ही : हक्क काय?

– दिलेल्या फीची पावती मागा. निकालात मिळणाऱ्या जमिनीचा किंवा रकमेचा हिस्सा फी म्हणून ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही.
– वकील बदलता येतो. फी बाकी आहे म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा आर. डी. सक्सेना प्रकरणातला २००० सालचा निकाल आहे.
– वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करता येते. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.
– वकील गैरहजर राहिले म्हणून निर्दोष पक्षकाराचं नुकसान होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटलंय. पण त्यावर विसंबून राहू नका. पक्षकाराने स्वतः चौकशी केली होती का, हेही कोर्ट बघतं.
– महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि ठराविक उत्पन्नाखालच्या लोकांना मोफत वकील मिळतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारात असते. हेल्पलाइन १५१००.
– तडजोड होत असेल तर लोकअदालतीचा विचार करा. भरलेली कोर्ट फी परत मिळते. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून तडजोडीचा कागद नीट वाचूनच सही करा.

पुढच्या तारखेला वकिलांना हे पाच प्रश्न विचारा

१) आज तारीख कशासाठी होती आणि काय झालं?
२) पुढची तारीख कशासाठी आहे?
३) त्याआधी मी कोणता कागद, कोणता साक्षीदार आणायचा?
४) कुठल्या कामाची मुदत चालू आहे, शेवटचा दिवस कोणता?
५) दाव्यातले सगळे पक्षकार हयात आहेत ना, वारस लावायचे राहिलेत का?

उत्तरं एका वहीत तारखेनुसार लिहून ठेवा. उद्या वकील बदलला, घरातला कर्ता माणूस गेला किंवा दावा पुढच्या पिढीकडे आला, तर ही वही उपयोगी पडेल.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्येक दाव्याची परिस्थिती वेगळी असते, त्यामुळे निर्णय घेण्यापूर्वी आपल्या वकिलांचा सल्ला घ्या.)